काळ्या फडक्यातली बोटं

मेलेल्या मुलीचा हात बघायला माणसं येत होती.

नाशिकजवळ, मखमलाबादच्या रस्त्याला, रंगनाथभाऊंच्या कोबीच्या शेताला लागून त्यांचं घर. त्या घरापासून विहिरीपर्यंत रांग लागली होती. बांधाला सायकली टेकवलेल्या, दोन रिक्षा, आणि एक पांढरी मोटारसुद्धा, म्हणजे शिकलेली माणसंही होती. रांगेतलं बोलणं दवाखान्यातल्यासारखं, हळू आवाजात. आत गेलेली बाई बाहेर आली की बाकीच्या तिच्याभोवती गोळा होत. ती पदराने कपाळ पुसत सांगे, पाच बोटं आहेत. नखं निळी आहेत. काल मिटलेली होती, आज लांब झालीत. ऐकणारीच्या अंगावर काटा येई, पण रांगेतली जागा सोडून ती कुठेही जात नसे.

गणपतींनी दूध प्यायलं त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. शहराला पुन्हा काहीतरी हवंच होतं, असं मी एरवी म्हटलं असतं. पण घर कुसाबाईचं, म्हणजे रंगनाथभाऊंच्या बायकोचं होतं, म्हणून मला तसं म्हणवेना.

कुसाबाई आमच्या पंचवटीतल्या गल्लीत रोज भाजी घेऊन यायची. मेथीच्या जुडीत दोन काड्या जास्त घालायची आणि वर ऐकवायची, की ताई, तुम्हाला निवडायला वेळ हाय म्हणून देते. तिची मुलगी उज्वला कॉलेजात होती. सुट्टीच्या दिवशी आईऐवजी ती पाटी घेऊन यायची आणि भाव सांगताना लाजायची, त्यामुळे सगळी गल्ली तिच्याकडूनच भाजी घ्यायला टपलेली असे. आषाढात तिला ताप आला. साधाच वाटला होता. त्यातच ती गेली.

मग दहावा. रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अशा वेळी माणसं काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. गेलेल्याचं जे काही राहून गेलं असेल ते मोठ्याने बोलून दाखवतात, की तू काळजी करू नको, ते आम्ही बघू. रंगनाथभाऊ म्हणाले, तुझ्या भावाचं लग्न नीट करून देऊ. भाऊ, म्हणजे महेश, म्हणाला, तुझी शेळी विकणार नाही. कावळे समोरच्या भिंतीवर नुसते बसून राहिले. शेवटी कुसाबाई घाटाच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांसमोर मोठ्याने बोलली, की तुला कॉलेजच्या सहलीला जायचं होतं, मी नाही म्हटले, माझं चुकलं. तरीही कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून तो शिववला आणि विधी उरकला. पण कुसाबाईचं काही उरकलं नाही.

थोड्याच दिवसांत धवलनाथ महाराज तिच्या दारात उभे राहिले. पांढरी लुंगी, पांढरी दाढी, पायांत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चपला. ओळख ना पाळख. आणि म्हणाले, "माई, तुमच्या लेकीला सहलीला जायचं होतं."

एवढं एक वाक्य ऐकलं आणि कुसाबाई त्यांची झाली.

त्यांनी तिला एक पोटली दिली. उशीएवढी, काळ्या फडक्यात घट्ट बांधलेली, आणि फडक्याला मुद्दाम ठेवलेली चार-दोन भोकं. महाराज म्हणाले, आत्म्याची एनर्जी पातळ असते, तिला घट्ट व्हायला काळोख लागतो. विज्ञानालासुद्धा हे आता कळलं आहे, अमेरिकेत त्यावर काम चालू आहे. पोटली अंधाऱ्या खोलीत टांगायची. खोलीत दिवा नाही, धूप नाही. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायचं, ते विहिरीचंच, नळाचं चालत नाही. शिंपडणारीने अंघोळ केलेली असावी, हात साबणाने धुतलेले असावेत. खोलीत फळं नाहीत, भाजी नाही, शिळं काही नाही. विडी ओढणाऱ्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, फडकं सोडायचं नाही. हात वर आला की महाराज स्वतः येतील, ऐकतील, आणि तो हात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, विसर्जनाला नेतील. दर वेळी हात नेला की लेक एकेक पायरी सुटत जाईल.

कुसाबाईने सगळं केलं. आणि हात आला.

पहिला हात आल्यावर दुसऱ्यांच्याही पोटल्या त्याच खोलीत आल्या. कुसाबाईच्या घराची मागची खोली जुनी, जाड मातीच्या भिंतींची, विहिरीला लागून म्हणून कायम ओली. पूर्वी तिथे बटाटे ठेवत. महाराजांनी ती खोली बघितली आणि डोळे मिटून म्हणाले, की ही जागा पितरांनी आधीच मागून ठेवलेली आहे. ज्यांच्या ब्लॉकमध्ये काळोख मिळत नव्हता त्यांनी आपापल्या पोटल्या इथे आणून टांगल्या. वासा दिसेना इतक्या. कोणाचा नवरा, कोणाची सासू, कोणाचं दोन वर्षांचं पोर. पाणी सगळ्यांना कुसाबाईच घालायची.

मी गेले त्या दिवशी दाराशी शेजारची लंकाबाई बसली होती. तिने माझ्या पायांवर गुलाबी पाणी ओतलं, हात धुवायला लावले आणि बजावलं, "आत कुनाचं नाव घेऊ नका, प्रतिभाताई. चुकीचा मानूस हात पुढं करतो."

हसायची माझी तयारी होती. आत गेल्यावर हसू आलं नाही.

भर दुपार होती आणि आत काहीच दिसत नव्हतं. ओल्या काडाचा, आंबूस, गोडसर वास. गाईच्या गोठ्यासारखा, पण गाय नसलेल्या. डोळे सरावल्यावर वरून लोंबणारी काळी गाठोडी दिसली, आणि गाठोड्यांतून बाहेर आलेले पांढुरके पुंजके. उज्वलाची पोटली सर्वांत खाली, बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशी. तिच्या भोकातून पाच बोटं आली होती. मधलं लांब, कडेची आखूड, टोकं करड्या निळ्या रंगाची. मेलेल्या माणसाची नखं मी पाहिलेली आहेत. ती अशीच असतात.

पोटलीसमोर कुसाबाई बसली होती. ती त्या बोटांना बोट लावून, सहलीची बस कुठून कुठून जाईल ते सांगत होती. सापुतारा, मग वघई, मग तिकडून खाली. मधूनच तिला खोकला येई आणि तो थांबत नसे. खोकून झालं की, कुठं होतो आपण, असं विचारून ती पुढे सांगायला लागे. तिच्या हिरव्या लुगड्याच्या खांद्यांवर पांढरी धूळ बसली होती, पिठासारखी. वरूनही तीच धूळ येत होती. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या एका रेघेत ती दिसत होती. विस्तव नसताना निघालेला धूर, सावकाश, वळत वळत.

"अंगारा हाय," कुसाबाई म्हणाली. "समद्यांचा मिळून येतो."

मला वाटलं, ती बोटं हलली. हलली नसणार. पण मला तसं वाटलं हे खरं आहे, आणि बाहेर आल्यावर मी विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून होते.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना मी हात जोडून तिथवर नेलं. त्यांनी कुसाबाईला ओट्यावर आणून छाती तपासली. तपासताना त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी रंगनाथभाऊंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की फुफ्फुसाला सूज आली आहे, हवेतली कसली तरी बारीक धूळ आत जाते आहे, औषध देते पण आधी त्या खोलीतून बाहेर काढा. अशीच बसली तर एक दिवस श्वास घेता यायचा नाही. रंगनाथभाऊंनी मान हलवली. कुसाबाईने मात्र ऐकलं नाही. ती ती खोली सोडून उजेडात राहायला गेली तर हात वाळेल, असं महाराजांनी सांगितलेलं होतं.

त्यातच महाराजांनी जाहीर केलं, की सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांची एकदम सुटका करायची. सकाळी दार लावायचं, फटी चिखलाने लिंपायच्या, आणि दिवस मावळेपर्यंत आत एका माउलीने बसायचं. माउली कोण, हे विचारायची गरज नव्हती.

अमावास्या पंधरवड्यावर आली होती, आणि कुसाबाईला ओट्यावरून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागत होतं.

मी महेशला म्हटलं, आईला उचलून बाहेर आण. तो म्हणाला, आणली होती, ती बेशुद्ध पडेपर्यंत दारावर डोकं आपटत राहिली. तो चोवीस-पंचवीसचा, कमी बोलणारा. घरची भाजी टेम्पोतून हायवेवरच्या हॉटेलांना पोचवायचा. दोन दिवसांनी सकाळी तोच माझ्या दारात आला. पाणी दिलं, ते त्याने तसंच खाली ठेवलं.

"ताई," तो म्हणाला, "हॉटेलात हात चिरीत व्हते."

मी त्याला खाली बसवलं. हळूहळू कळलं ते असं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात तो कोथिंबीर उतरवायला गेला. आचाऱ्यासमोर लाकडी पाट, पाटावर तेच पांढरे पंजे, निळी नखं, आणि सुरी. बाजूला क्रेट भरून आणखी. महेशने त्याचं मनगट धरलं. आचारी बिहारचा होता, आधी घाबरला, मग हसायला लागला. म्हणाला, मश्रूम है भाई, मुंबईच्या गाड्या थांबतात, साहेब लोक मागतात. कोण आणून देतं, विचारलं तर म्हणाला, एक बाबाजी आहे, दाढीवाला, कोवळा कोवळा माल देतो. एकदम फर्स्ट क्लास.

महेशला सगळं समजलं होतं. तरीही तो मला विचारत होता, की ताई, ते आपल्याच घरातले नसतील ना. त्याच्या बहिणीचा हात त्याच्या डोळ्यांसमोर कांद्याबरोबर कढईत गेला होता. आईला हे कसं सांगायचं, असं विचारायला तो आला होता. सांगायचं नाही, असं मी म्हटलं. सांगून ती मानणारही नाही, आणि मानलं तर जगणार नाही.

पण आता मला कळलं होतं, की त्या फडक्यात काय आहे. राहिलं होतं ते कुसाबाईला दिसेल असं करणं.

आचाऱ्याने महेशला सांगितलं होतं, की सिन्नरच्या बाजूला एकजण अशा पिशव्या विकतो, घरी पिकवायला, किट म्हणून. मी जीपमध्ये बसून गेले. पत्र्याच्या शेडमध्ये एक बोलका गृहस्थ होता. बायामाणसांनी घरबसल्या दोन पैसे मिळवावे असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि नाशिकच्या बायका अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणून नाक मुरडतात याचं दुःख होतं. त्याने सगळं समजावलं. गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबायचं आणि थराथरात अळंबीचं बी पेरायचं. काही दिवसांत आत कापसासारखी पांढरी बुरशी पसरते आणि सगळं घट्ट गठ्ठा होतं. तशी तयार पिशवीच त्याने मला दिली. आता फक्त काळोखात टांगा, म्हणाला. पाणी शिंपडा, शक्यतो विहिरीचं, नळाला औषध असतं. हात साबणाने धुवा. जवळ फळं-भाजी नको, दुसरी बुरशी धरते. धूर नको, विडी-सिगारेट तर अजिबात नको. दारात पाय धुवायला औषधाचं गुलाबी पाणी ठेवलंत तर उत्तम.

मी ऐकत होते आणि माझ्या कानात महाराजांचा आवाज येत होता. सगळं सोवळं जसंच्या तसं. त्यांनी फक्त त्याला काळं फडकं घातलं होतं.

निघताना मी विचारलं, काढायची कधी. तो म्हणाला, टोकं मिटलेली असतानाच. हॉटेलवाले कोवळी मागतात. आणि उशीर केलात तर ती छत्रीसारखी उघडतात, खालून पांढरी भुकटी सोडतात, ते तिचं बी. बंद खोलीत फार झालं तर छातीला त्रास होतो, तेव्हा खिडकी उघडत जा.

पिशवी मी मोरीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागे टांगली. आमच्या ह्यांनी एकदाच डोकावून बघितलं आणि मला विचारलं, की हे खायचं आहे की ह्याला आपण जेवायला वाढायचं. चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्यांएवढे ठिपके आले. पाचव्या दिवशी बोटं.

मला सगळं ठाऊक होतं. कोणत्या शेडमधून आणली, जीपमध्ये कोणाच्या मांडीवर होती, सगळं. तरी दुपारी घरात कोणी नसताना पाणी शिंपडायला गेले आणि ती निळसर नखं ओली होऊन चमकली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "उज्वला?" मग मी तिथेच फरशीवर बसले. दोन-अडीच महिने ज्या मुलीसाठी मला रडू आलं नव्हतं तिच्यासाठी रडले. तेव्हा मला कुसाबाई कळली. ती मूर्ख नव्हती. तिला कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि महाराजांनी तिला ऐकणारं काहीतरी टांगून दिलं होतं.

एका बाजूचे पंजे मी मिटलेले असतानाच काढले, म्हणजे अमावास्येपर्यंत तिथे नवे कोवळे येतील. दुसऱ्या बाजूचे राहू दिले.

अमावास्येला सकाळी मी पिशवी काळ्या फडक्यात बांधून गेले. चिखल कालवून तयार होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुसाबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, श्वास घेताना तिचे खांदे वर-खाली होत होते. महाराज सगळ्यांना सांगत होते, की आज पितर आणि ऑक्सिजन यांचा संगम होणार. ऑक्सिजन हा शब्द त्या अंगणात ऐकून माझं मस्तक फिरलं. रांगेत उभी राहिले आणि माझी पोटली पुढे केली.

महाराजांनी भोकातून आलेल्या बोटांवर हात ठेवला, डोळे मिटले. मी कोणाचं नाव सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, म्हातारा माणूस आहे, घरातलाच. जमिनीचं मनात राहिलं आहे. फार तळमळतो आहे. दुसरी पोटली लागेल.

"हा कुणाचाच नाही, महाराज," मी म्हणाले. "हा सिन्नरहून जीपने आला."

मग मी खाली बसले, पोटली कुसाबाईच्या मांडीवर ठेवली आणि गाठ सोडली.

पिशवीच्या एका बाजूला हात होता. तसाच, पाच बोटांचा, निळ्या नखांचा. आणि दुसऱ्या बाजूला, ज्या मी काढल्या नव्हत्या त्या, उघडून तळहाताएवढ्या झालेल्या छत्र्या. खालून पुस्तकाच्या पानांसारख्या बारीक पडद्यांच्या. काळ्या फडक्यावर त्यांच्याखाली पांढरी भुकटी सांडली होती.

कुसाबाईने एक छत्री खुडली. उलटी केली. नाकाला लावली. जन्म शेतात गेलेली बाई ती, श्रावणात उकिरड्यावर, उसाच्या बुडाशी काय उगवतं ते तिला मी सांगायला नको होतं.

"ही तर अळंबी हाय," ती म्हणाली. मग बोटांकडे बघून, "आनि ही?"

"तीच. लहानपणीची. उघडायच्या आधी कापतात."

महाराजांचा आवाज चढला. ते म्हणाले, ही बाई भाजीबाजारातलं काहीतरी उचलून आणते आणि पितरांची टिंगल करते. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की एवढी शहाणी असशील तर सांग, त्या दिवशी कावळा का शिवला नाही.

हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाचा होता. म्हणून मी उत्तर महाराजांना दिलं नाही, रंगनाथभाऊंना दिलं. मी म्हटलं, भाऊ, त्या सकाळी रामकुंडावर किती पिंड होते ते आठवा. गळ्यापर्यंत भात खाल्लेला कावळा कशाला उठेल. आणि ज्यांच्या पिंडाला शिवत नाही ती माणसं घाटावर उभी राहून मनातलं सगळं मोठ्याने बोलतात. पाठीमागच्या पायरीवर कोण बसून ऐकतंय, तिकडे कोण बघतं? सहलीचं कुसाबाई तिथेच बोलली होती.

रंगनाथभाऊ म्हणाले, खरं आहे. आणि मग दुसरे कुणीतरी, पांढऱ्या मोटारीतले, हळूच म्हणाले, की आमच्याही वडिलांना कावळा शिवला नव्हता. मग आणखी एक बाई. त्या अंगणात कावळा शिवलेलं घर एकही निघालं नाही.

कुसाबाई उठली. भिंतीला धरून ती मागच्या खोलीत गेली आणि मला वाटलं, संपलं. लंकाबाई चिखलाची पाटी उचलायलाही वाकली. पण कुसाबाई परत आली. छातीशी तिची पोटली होती, लहान पोराला धरतात तशी. महाराज म्हणाले, की माई, उजेडात आणू नकोस, पोर जळेल.

"जळू द्या," ती म्हणाली. "मंग कळंल, पोर व्हती का नव्हती."

उन्हात बसून तिने एकेक गाठ सोडली. पुढून तोच हात. तिने पोटली फिरवली. मागच्या बाजूला, गाठीखाली, जिथे इतक्या दिवसांत महाराजांची सुरी पोचली नव्हती, तिथे एक जुनी, पिवळट झालेली, वाकडी छत्री उघडून बसली होती. तिने तिला टिचकी मारली. पांढरा धूर उठला आणि तिच्या लुगड्यावर बसला. तिला खोकला आला. खोकून झाल्यावर ती त्या धुळीकडे बघत राहिली.

"मंग हात कुठं नेले तुम्ही?" तिने महाराजांना विचारलं. "गंगेत सोडले ना?"

महाराज रस्त्याकडे बघू लागले. महेश पुढे आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"विकले, आई," तो म्हणाला. पुढचं त्याने गिळलं. पण तिथे हॉटेलं चालवणारी, बाजार करणारी माणसं होती. त्यांना कळायला वेळ लागला नाही. आरडाओरडा झाला नाही. सगळे आपापली पोटली शोधायला आत गेले आणि एकेक बाहेर आणून उन्हात ठेवू लागले. ज्या बाईचं दोन वर्षांचं पोर होतं, तिने मात्र पोटली सोडली नाही. तशीच घरी घेऊन गेली. तिला कोणी अडवलं नाही.

महाराजांना महेश आणि रंगनाथभाऊंनी विहिरीच्या कठड्यावर बसवून ठेवलं. घामाने दाढी भिजली तेव्हा ते अगदी साधे दिसत होते. तेही आधी किटच विकायचे. दारोदार फिरले होते, बायांनो, घरी पिकवा, पौष्टिक आहे, असं सांगत. बायांनी हाकलून दिलं. मग एका घरी, जिथे नुकतंच कोणी वारलं होतं, नमुन्याची पिशवी विसरून राहिली. चार दिवसांनी न्यायला गेले तर म्हातारी तिच्यासमोर हात जोडून बसलेली.

"खायला कोणी घेईना, ताई," ते मला म्हणाले. "मी काय केलं? त्यांनीच हळद-कुंकू वाहिलं होतं."

आणि मग त्यांनी सगळ्या दुःखी घरांत शेती लावली. पाणी घालणारे फुकट, जागा फुकट, वर दक्षिणा. पीक मात्र हॉटेलात. दुपारी पोलीस आले, त्यांना घेऊन गेले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

कारण कुसाबाईला आम्ही महेशच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. नाकाला मशीन लावलं, सुया दिल्या, काही दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो एक दिवस आत बसली असती तर मला बोलवायची गरज पडली नसती.

मी जे लिहिते आहे ते एवढ्यासाठी. जे घडलं ते काही चमत्कार करणाऱ्याचं बळ नव्हतं. बी होतं, ओलं काड होतं, काळोख होता, आणि एक सुरी होती, जी योग्य वेळी फिरायची. तुमच्या घरी कोणी येऊन सांगेल, की हे उघडू नका, इथे उजेड आणू नका, हे पूर्ण होऊ देऊ नका, तर त्याला एकच विचारा, उघडलं तर काय होईल. आणि तो सांगेल त्याच्यावर थांबू नका, स्वतः उघडून बघा. छाती दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. गेलेल्याशी बोलावंसं वाटलं तर बोला, त्यात लाज नाही, त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि त्याची दक्षिणाही नसते. तुमच्या दुःखाला जो खोली बांधून देतो, त्याचा त्या खोलीत काहीतरी धंदा असतो.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. मागच्या खोलीची भिंत फोडून महेशने खिडकी काढली होती, अजून चौकट बसायची होती, नुसतं भगदाड होतं. त्यातून कोबीचं शेत दिसत होतं. कुसाबाई तिथेच बाजेवर आडवी होती. मला म्हणाली, "आता हितं कुनी नाय, ताई."

मी म्हटलं, नाही.

"लय रिकामं वाटतं."

मी म्हटलं, वाटणारच.

तिने डोळे मिटले. झोप लागली तिला. मला घरी स्वयंपाक होता, शेवटची बस जायची होती. पण तिचा श्वास कुठेही न अडकता येत होता आणि जात होता, आणि मी तो ऐकत बसून राहिले.